इंग्रजीत धावतं, मराठीत चालतं: ‘रन’चे इतके अर्थ आले कुठून?

‘रन’ म्हणजे धावणे, हे इंग्रजीच्या पहिल्या धड्यातच कळतं. पुढे हळूहळू लक्षात येतं की या भाषेत नाकही ‘रन’ होतं आणि नळही. धुण्यात कपड्याचा रंग ‘रन’ होतो. मालक कारखाना ‘रन’ करतो, वर्तमानपत्र बातमी ‘रन’ करतं, संगणक प्रोग्रॅम ‘रन’ करतो, आजारी माणूस ताप ‘रन’ करतो. क्रिकेटमध्ये तर फलंदाजाने चेंडू थेट सीमापार भिरकावला की एक पाऊलही न टाकता त्याच्या नावावर सहा ‘रन’ लागतात.

याची मोजदाद ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीवाल्यांनी केली आहे. २०११ मध्ये त्यांनी या शब्दाची नोंद नव्याने लिहिली तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या कोशकारांचे या एका शब्दावर नऊ महिने गेले. त्याआधी, १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत, सर्वांत लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता. त्या एका शब्दाच्या स्पष्टीकरणाला सुमारे ६०,००० शब्द लागले होते, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच. पुढे कोशाची तिसरी आवृत्ती हाती घेतली गेली. तिचं काम ‘ए’ऐवजी ‘एम’ या अक्षरापासून सुरू झालं, त्यामुळे विक्रम मोडण्याचा क्रमही गमतीचा आहे: २००० मध्ये ‘मेक’, २००७ मध्ये ‘पुट’ आणि मग ‘रन’.

६४५ हा आकडा समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो आणि वाचणारा धसका घेतो. धसका घेण्याचं कारण नाही. हा आकडा शब्दाबद्दल जितकं सांगतो, तितकंच तो मोजणाऱ्याच्या कामाच्या पद्धतीबद्दलही सांगतो.

नदी ‘रन’ होते, नळ ‘रन’ होतो, डोळ्यांतून पाणी ‘रन’ होतं. हे तीन अर्थ धरायचे की एक? एक कोशकार म्हणेल, सगळीकडे द्रवच वाहतोय, एकच अर्थ. दुसरा म्हणेल, नदी कायमची वाहते, नळ आपण सोडतो म्हणून वाहतो, तेव्हा अर्थ दोन. कोशांच्या जगात हे दोन स्वभाव कायमचे आहेत: मोट बांधणारे आणि फोडी करणारे. ऑक्सफर्डचा मोठा कोश फोडी करणाऱ्यांचा. शिवाय तो ऐतिहासिक कोश आहे. शेकडो वर्षांपूर्वी वापरात असलेले आणि आता कुणी तोंडातही न घेणारे अर्थ त्यातून वगळले जात नाहीत. उलट प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने १९८५ पासून तयार झालेल्या ‘वर्डनेट’ या शब्दसंग्रहात याच क्रियापदाचे अर्थ चाळीसच्या आसपास भरतात. दोघांपैकी चुकलेला कुणीच नाही. मोजायचं माप वेगळं, एवढंच.

मग दोन अर्थ खरोखर वेगळे आहेत हे ओळखायचं कसं? भाषाशास्त्रात एक जुनी कसोटी आहे आणि ती मला फार आवडते, कारण ती हसण्यावर चालते. दोन्ही अर्थ एकाच क्रियापदाला जुंपून बघायचे. मराठीत करून बघू: ‘त्याला एकाच दिवशी ठेच आणि नोकरी लागली.’ हसू आलं ना? म्हणजे ठेच लागण्यातलं ‘लागणं’ आणि नोकरी लागण्यातलं ‘लागणं’ आपल्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत आहे. ‘त्याला भूक आणि तहान लागली’ या वाक्याला मात्र कुणी हसत नाही. तो खण एकच. इंग्रजीतही तसंच. ‘ती रोज सकाळी पाच मैल आणि एक कंपनी रन करते’ असं कुणी म्हटलं तर तो विनोद होतो. ‘नळ आणि नदी दोन्ही रन होत होते’ हा विनोद होत नाही, फार तर रटाळ वाक्य होतं. कसोटी अगदी काटेकोर नाही. मधलीअधली बरीच उदाहरणं अशी असतात की अर्धे लोक हसतात आणि अर्धे हसत नाहीत. पण नेमकं तेच खरं आहे: अर्थांच्या सीमा कुंपणासारख्या नसतातच.

फांद्या कशा फुटल्या

‘रन’च्या मुळाशी दोन हालचाली आहेत आणि दोन्ही फार जुन्या: पायांनी वेगाने जाणं आणि पाण्याने वाहणं. इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीकडे, जर्मनकडे, या दोन हालचालींसाठी आजही दोन शब्द आहेत. ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे. ऐकायलाही जुळे वाटतात. इंग्रजीने दोन्ही एकाच शब्दात ओतले.

पाण्याच्या बाजूने गेलं की नाक, नळ, अश्रू, ओला रंग या सगळ्यांचा उलगडा होतो. पायांच्या बाजूने गेलं की घोडा येतो, मग दोन बंदरांमध्ये ये-जा करणारं जहाज येतं, मग वेळापत्रकाप्रमाणे येणारी आगगाडी. इथे एक वळण आहे. आगगाडी तरी जागची हलते, पण तिला ओढणाऱ्या इंजिनाच्या आतलं चाक जागेवरच फिरत असतं. तरी तेही ‘रन’च. एकदा जागेवर फिरणारं चाक ‘रन’ झालं, की घड्याळ, गिरणी, छापखाना, मोटार, पंखा आणि अखेर प्रोग्रॅम यांना कोण अडवणार? यंत्रयुगाने या शब्दाला जेवढं काम दिलं तेवढं त्याआधीच्या काही शतकांनी मिळून दिलं नसेल. ‘सेट’ला मागे टाकून ‘रन’ पुढे गेला याचंही हेच स्पष्टीकरण दिलं जातं, आणि ते पटण्यासारखं आहे. ‘सेट’चं मूळ ‘बसवणे’, ठेवणे, स्थिर करणे. गेली दोनअडीचशे वर्षं मात्र हलणाऱ्या वस्तूंची आहेत.

आणखी एक फांदी आहे, जिच्यात काहीच हलत नाही. रस्ता डोंगराच्या कडेने ‘रन’ होतो, भिंत नदीपर्यंत ‘रन’ होते. हालचाल होते ती बघणाऱ्याच्या नजरेची. आपणही ‘हा रस्ता कुठे जातो?’ असं विचारतोच की.

आणि काळ. नाटक दोन वर्षं ‘रन’ झालं, करार मार्चपर्यंत ‘रन’ होतो. जागेतली हालचाल काळावर कलम केली की असे अर्थ मिळतात. जगातल्या कितीतरी भाषा हेच करतात, फक्त प्रत्येकीचं क्रियापद वेगळं.

आता वरची उदाहरणं मराठीत म्हणून बघा. यंत्र चालतं. घड्याळ चालतं. दुकान चालतं, नाटक चालतं, खटला चालतो. इंग्रजीत जे धावतं ते मराठीत चालतं! आपल्या ‘चालणे’नेही पायांपासूनच सुरुवात केली आणि मग कुठल्या कुठे मजल मारली: डोकं चालत नाही, जुनी नोट चालत नाही, हात चालव, तोंड फार चालतं त्याचं, मला उशीर चालणार नाही. आणि कुठल्याही प्रश्नाचं हुकमी उत्तर, ‘चालेल’. या शेवटच्या अर्थात पाय कुठे उरलेत? पण कुणाही मराठी माणसाला हे अर्थ पाठ करावे लागलेले नाहीत. फ्रेंच लोकही आपल्याच बाजूला आहेत. त्यांचं घड्याळ ‘मार्श’ करतं, म्हणजे चालतं. जर्मनांचं इंजिन ‘लाउफेन’ करतं आणि त्या क्रियापदात धावणं नि चालणं दोन्ही बसतं. कल्पना एकच आहे, काम सुरू असणं म्हणजे पुढे जात राहणं. कुठल्या वेगाने, ते ज्या त्या भाषेने आपापलं ठरवलं.

म्हणून हे अर्थ मनाला येतील तसे जोडलेले नाहीत, पण अटळही नाहीत. निवडणुकीचं उदाहरण घ्या. अमेरिकेतला उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, शर्यतीत धावतो. ब्रिटनमधला उमेदवार त्याच इंग्रजी भाषेत ‘स्टँड’ करतो, उभा राहतो. मराठीत आपणही निवडणुकीला उभेच राहतो. धावण्यातून निवडणूक लढवण्याचा अर्थ निघू शकतो हे कुणालाही पटतं. तो निघेलच असं मात्र आधी सांगता आलं नसतं.

अर्थाने एका ठिकाणाहून दुसरीकडे उडी कशी मारावी, याचे मार्ग आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी लिहून ठेवले आहेत. शाळेच्या व्याकरणात अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती असतात. परीक्षेनंतर आपण त्या विसरतो, पण इथे ‘लक्षणा’ अगदी नेमकी उपयोगी पडते. मूळ अर्थ बसत नाही तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेतला जातो, ती लक्षणा. हा संबंध साम्याचा असेल तर ती गौणी. यंत्र ‘धावतं’ ते असं, साम्यावरून. संबंध साम्याऐवजी दुसरा काही असेल, म्हणजे कारण आणि कार्य, जागा आणि तिथली वस्तू, लेखक आणि त्याचं लिखाण असा, तर ती शुद्धा. ‘आम्ही शेक्सपिअर वाचतो’ ही शुद्धा.

‘रन’मध्ये शुद्धेची रेलचेल आहे. क्रिकेटचा ‘रन’ पाहा. आधी होती ती धाव, खेळपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची. धाव पूर्ण झाली की खूण करून ठेवायची. मग त्या खुणेलाच ‘रन’ म्हणू लागले. एकदा खूण स्वतंत्र झाली की धावण्याची गरजच संपली: चेंडू सीमेपार गेला, चार खुणा लिहा, गोलंदाजाने वाइड टाकला, एक खूण लिहा. क्रियेचं नाव आधी फळाला मिळालं आणि मग फळ क्रियेवाचूनही मिळू लागलं. तसंच कोंबड्यांना मोकळं फिरायला जाळी लावून जी जागा राखतात तिचं नाव ‘रन’, बर्फावरून घसरत यायच्या उताराचं नाव ‘रन’. इथे क्रियेचं नाव जागेला गेलं. बँक बुडणार अशी आवई उठली आणि ठेवीदार पैसे काढायला धावले, तर तो बँकेवरचा ‘रन’. तो अर्थ जन्मला तेव्हा लोक खरोखर पायांनी धावत होते. आज फोनवर बोट फिरवून पैसे काढले जातात, शब्द तोच.

एका शब्दावर इतका भार टाकायची सवय इंग्रजीलाच जास्त का? एक कारण व्याकरणात आहे. मराठीत ‘चालणे’ वेगळं आणि ‘चालवणे’ वेगळं. एक ‘व’ मध्ये आला की कळतं, आता कुणीतरी करवून घेतंय. आपण याला प्रयोजक क्रियापद म्हणतो. जुन्या इंग्रजीतही धावणं आणि धाववणं यांसाठी जवळची पण वेगळी क्रियापदं होती. पुढे दोन्ही एकात मिसळली, शेवटचे प्रत्ययही झडले. आता घोडा ‘रन’ होतो, घोड्याला ‘रन’ करवणारा माणूसही ‘रन’च करतो, आणि त्या धावण्याचं नामही ‘रन’. मराठीत जे चालणे, चालवणे, चाल, चालना असं वाटलं गेलं असतं, ते सगळं इंग्रजीत एकाच घरात दाटीवाटीने राहतं.

दुसरं कारण कुठल्याही भाषेला लागू आहे. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवलं की जो शब्द जास्त वापरला जातो, त्याला अर्थही जास्त असतात. ढोबळ हिशेब असा की एक शब्द दुसऱ्याच्या शंभरपट वापरात असेल, तर त्याचे अर्थ साधारण दसपट निघतात. ‘स्प्रिंट’ या शब्दाचे अर्थ हाताच्या बोटांवर मोजता येतील. नवी वस्तू समोर आली की माणूस हाताशी असलेला, छोटा, वापरून गुळगुळीत झालेला शब्द उचलतो. मराठीत त्यामुळे लागणे, बसणे, मारणे, काढणे, पडणे यांच्यावर असाच बोजा आहे. मराठी शिकणाऱ्या परभाषिकाला ‘पाऊस पडतो’, ‘महाग पडतं’, ‘पुस्तक पडून आहे’ आणि ‘मला प्रश्न पडला’ एकाच दिवशी समजावून बघा.

एका गोष्टीची मात्र इथे गल्लत होते. सगळेच अनेक अर्थ असे एका खोडातून फुटलेले नसतात. ‘सेट’मध्ये दोन वेगळ्या घराण्यांची वस्ती आहे. बसवण्याचा ‘सेट’ मूळचा इंग्रजी. समूह, संच या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्या मागे लॅटिनचा ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. आवाज एक झाला आणि पुढे अर्थही एकमेकांत इतके गुंतले की आज सोडवणं कठीण. नदीकाठाला ‘बँक’ म्हणतात आणि पैसे ठेवतो तीही ‘बँक’. हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले: पहिला उत्तरेकडच्या स्कँडिनेव्हियन भाषांकडून, दुसरा इटालियनमधून, सावकाराच्या बाकावरून. आणि अगदी खोल गेलं तर त्या दोन्ही वाटा पुन्हा एकाच जर्मानिक मुळाशी जाऊन मिळतात. भाषेत असं फार होतं; वेगळं म्हणून ठेवावं तर चुलतभाऊ निघतात.

ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही?

एवढे अर्थ असूनही कुणाला ‘रन’ ऐकून फेफरं येत नाही. डोक्यात नेमकं काय होतं, याचा एक सुंदर प्रयोग मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना कानावर एक गोष्ट ऐकवली: सरकारी इमारतीतल्या एका माणसाला खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर ‘बग’ सापडले. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेलं यंत्र, तेही ‘बग’. कोळी-झुरळांनंतर कुठला अर्थ आहे यात शंकाच नाही. तर ‘बग’ हा शब्द कानावर पडला त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर एक शब्द झळकायचा: ‘मुंगी’, ‘हेर’ किंवा काहीच संबंध नसलेला ‘शिवणे’, अर्थात सगळे इंग्रजीत. समोर आलेली अक्षरं हा खरा शब्द आहे की नाही, एवढंच पटकन सांगायचं.

लोकांनी ‘मुंगी’ चटकन ओळखली, हे अपेक्षितच होतं. पण ‘हेर’ही तितकाच चटकन ओळखला. म्हणजे सगळा संदर्भ किड्यांचा असूनही मेंदूने क्षणभर दोन्ही अर्थांची दारं उघडली होती. तोच शब्द गोष्टीतली पुढची तीन अक्षरं कानावर पडून गेल्यावर दाखवला, की ‘मुंगी’चा फायदा टिकून असायचा आणि ‘हेरा’चा गेलेला. आपल्याला वाटतं की आपण थेट बरोबर अर्थापाशी पोचतो. प्रत्यक्षात दुसरा अर्थही येऊन जातो. त्याला निरोप दिला जातो तो इतक्या लवकर, की आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

यंत्राला हे जमवणं किती अवघड, ते १९६० मध्ये यांत्रिक भाषांतराचे अभ्यासक यहोशुआ बार-हिलेल यांनी एका छोट्या उदाहरणाने दाखवलं. लहानगा जॉन खेळण्यांची पेटी शोधत होता. शेवटी ती सापडली. ‘द बॉक्स वॉज इन द पेन.’ इथे ‘पेन’ म्हणजे लेखणी नाही. लहान मुलांना खेळायला सोडतात ते छोटं कुंपण, त्यालाही इंग्रजीत ‘पेन’ म्हणतात. माणसाला हे सहज कळतं, कारण पेटी लेखणीत मावत नाही हे त्याला ठाऊक असतं. ते वाक्यात कुठेही लिहिलेलं नाही. बार-हिलेल यांचा निष्कर्ष असा की जगाबद्दलचं असं सगळं ज्ञान यंत्रात भरणं अशक्य, म्हणून पूर्णपणे यांत्रिक उत्तम भाषांतरही अशक्य.

आजची यंत्रं हे कोडं बऱ्याचदा सोडवतात, पण वेगळ्या वाटेने. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये म्हटलं होतं की शब्द ओळखावा तो त्याच्या सोबत्यांवरून. यंत्रांनी हे शब्दशः मनावर घेतलं. सुरुवातीला प्रत्येक शब्दासाठी, त्याच्या सोबत्यांवरून बनवलेली, आकड्यांची एकच माळ असायची, म्हणजे नाकाचा ‘रन’ आणि कंपनीचा ‘रन’ यांची खिचडी. २०१८ च्या सुमारास अशा पद्धती पुढे आल्या ज्यांत शब्द ज्या वाक्यात बसला असेल त्या वाक्याप्रमाणे त्याची माळ बदलते. शेजारी ‘नोज’ असेल तर एक, ‘कंपनी’ असेल तर दुसरी. ६४५ खणांची यादी यंत्राला कुणी शिकवत नाही, जशी ती इंग्रज आईही पोराला शिकवत नाही.

शिकणाऱ्याने यातून उचलायचं ते शेजाऱ्यांकडे बघणं. ‘रन’च्या पुढे काय आलं? ‘रिस्क’ आलं तर धोका पत्करणं, ‘फीवर’ आलं तर अंगात ताप असणं, ‘शॉर्ट’ आलं तर तुटवडा पडणं. सर्वांत जास्त छळतात त्या छोट्या शेपट्या. ‘रन इंटू’ म्हणजे अचानक भेट होणं किंवा धडकणं, ‘रन आउट’ म्हणजे संपणं, ‘रन ओव्हर’ म्हणजे कुणाच्या अंगावरून गाडी जाणं किंवा ठरलेली वेळ उलटून जाणं. ‘रन डाउन’ तर बॅटरी उतरण्यापासून पाठीमागे निंदा करण्यापर्यंत कुठेही नेऊन सोडतं. यांना ‘रन अधिक अमुक’ अशी फोड करून समजून घेण्यापेक्षा सबंध जोडीलाच एक शब्द मानणं सोयीचं. आपणही ‘उठून दिसणे’ मध्ये ‘उठणे’ शोधत बसत नाही.

कोश कुठला उघडायचा यानेही फरक पडतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थाचा इतिहास सांगतो. त्याचा उपयोग कुतूहलासाठी, गृहपाठासाठी नाही. शिकणाऱ्यांसाठीचे कोश वेगळे असतात. त्यांत १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली निघालेल्या ‘कोबिल्ड’ने एक साधी गोष्ट केली: प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचा मोठा साठा गोळा केला आणि त्यावरून अर्थ लिहिले, तेही सुट्या प्रतिशब्दांत नाही तर सबंध वाक्यात. ‘तुम्ही एखादा व्यवसाय रन करत असाल, तर तुम्ही त्याचा कारभार बघता’, अशा थाटाचं स्पष्टीकरण. शब्द तिथे आपल्या सोबत्यांसकट येतो. तुमच्या वहीतही ‘रन = चालवणे’ असं लिहिण्याऐवजी ‘रन अ बिझनेस’ ही सबंध जोडी लिहा, आणि खाली तुमचं स्वतःचं एक वाक्य.